साताऱ्याहून लडाखला जाताना: आधी ऋतू ठरवा, मग ठिकाणे

कास पठारावर जुलैमध्येच येऊन ‘फुले कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यांची सातारकरांना गंमत वाटते. बहर साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि त्यातला नेमका आठवडा त्या वर्षीचा पाऊस ठरवतो, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लडाखला निघताना मात्र हेच सातारकर आधी रजा, मग स्वस्त तिकीट, मग पंधरा ठिकाणांची यादी आणि सर्वांत शेवटी हवामान असा क्रम लावतात. तो क्रम उलटा करून सहल कशी आखावी, ते येथे सांगितले आहे.

पहिली पायरी: प्रदेशाचा स्वभाव ओळखावा

त्यासाठी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण पुरे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेला माण तालुका मात्र ढगांकडे पाहत बसतो. लडाख हा हिमालयापलीकडचा ‘माण’ आहे. लेहला वर्षभरात पडणारा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर असतो. त्यामुळे आपल्याकडे घाट धुक्यात बुडालेले असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, तेथे बहुधा कोरडे ऊन असते. मात्र मनालीपर्यंतचा रस्ता हिमालयाच्या ओल्या बाजूने जातो आणि पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात, ही बाब नियोजनात हमखास निसटते. शिवाय कोरडा प्रदेश म्हणजे निर्धोक प्रदेश नव्हे. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी होऊन मोठी जीवितहानी झाली, कारण उघड्या डोंगरांना पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून या दिवसांत ओढ्याच्या पात्रालगतचा तंबू कितीही रम्य दिसला तरी टाळावा.

दुसरी पायरी: काय पाहायचे, त्यावरून महिना निवडावा

एप्रिलमध्ये सिंधूच्या काठच्या खालच्या गावांत आणि तुर्तुककडे जर्दाळूची झाडे फुलतात; गर्दी नसते, परंतु मनाली-लेह रस्ता तेव्हा बहुधा बर्फाखाली असतो. सीमा रस्ते संघटना तो बर्फाच्या मानाने एप्रिल-मेमध्ये, कधी जूनमध्येही मोकळा करते, तर झोजी ला खिंडीतून जाणारा श्रीनगर-लेह रस्ता बहुधा त्याआधी सुरू होतो. जून-जुलैमध्ये, तिबेटी पंचांगाप्रमाणे, हेमिस मठाचा मुखवटानृत्याचा उत्सव येतो. त्याची तारीख दरवर्षी बदलते. काळ्या मानेचे क्रौंच पाहायचे असतील, तर उन्हाळ्यात त्सो कार, त्सो मोरिरी ही सरोवरे किंवा हानले गाव गाठावे. हानलेला भारतीय खगोलशास्त्रीय वेधशाळा आहे आणि २०२२ मध्ये त्या परिसराला ‘डार्क स्काय रिझर्व्ह’चा दर्जा जाहीर झाला, तेथे जायचे असेल तर अमावास्येच्या आसपासच जावे.

माझे मत विचाराल तर सप्टेंबर सर्वांत चांगला. आकाश स्वच्छ असते, जवाची कापणी झालेली किंवा चाललेली असते आणि गर्दी ओसरू लागते. ऑक्टोबरपासून रात्री गोठू लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झांस्कर नदीवरची ‘चादर’ची वाट किंवा खाली उतरलेल्या भरलांच्या (रानमेंढ्यांच्या) मागावर येणारा हिमबिबट्या, एवढ्याच हेतूने जावे, तेव्हा नळाचे पाणी गोठते आणि अनेक अतिथिगृहे बंद असतात.

तिसरी पायरी: आपले वेळापत्रक त्यावर बेतावे

नोकरदार कुटुंबांना मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मोकळा असतो. त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात श्रीनगरमार्गे किंवा विमानाने जावे आणि मनालीचा रस्ता उघडेलच अशी आशा धरू नये. दिवाळीची सुट्टी या प्रवासासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ऊस उत्पादकाला गळीत हंगाम सुरू होण्याआधीचा सप्टेंबर सोयीचा पडतो. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांनी मात्र फळछाटणीची तारीख पाहूनच तिकीट काढावे, कारण छाटणीनंतरचे पहिले काही आठवडे बाग सोडून जाता येत नाही.

चौथी पायरी: उंचीचा हिशोब मांडावा

सगळ्या आखणीचा कणा हाच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे आणि लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्याला किंवा हिल मॅरेथॉन धावणाऱ्याला वाटते की आपल्याला त्रास होणार नाही. प्रत्यक्षात तंदुरुस्ती विरळ हवेपासून संरक्षण देत नाही, आणि धडधाकट तरुण घाई करतो म्हणून अनेकदा तोच आधी आडवा होतो.

सातारा जिल्हा फौजींचा. लेह किंवा सियाचिनला राहून आलेला एखादा निवृत्त सैनिक गावात सापडतोच. त्याच्याजवळ तासभर बसावे. सैन्यात जवानालासुद्धा ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस सरावासाठी दिले जातात. आपण सहा दिवसांत पूर्ण लडाख ‘करून’ येऊ पाहतो!

सुमारे ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी. रस्त्याने जाणाऱ्यांनी श्रीनगरकडून चढावे आणि मनालीकडे उतरावे. श्रीनगरच्या वाटेवर कारगिलचा मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर होतो आणि द्रासचे युद्धस्मारकही पाहता येते. मनालीकडून चढताना मात्र सरचूला, म्हणजे जवळजवळ ४,३०० मीटरवर, झोपण्याची वेळ येऊ शकते.

विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस शहराबाहेर पडू नये. तिसऱ्या दिवशी सिंधू-झांस्कर संगम आणि आल्चीचा मठ पाहावा. ही ठिकाणे लेहपेक्षा खाली आहेत. त्यानंतर नुब्रा खोरे. वाटेतली खारदुंग ला ५,३५९ मीटर उंच असली, तरी तेथे दहा-पंधरा मिनिटेच थांबायचे असते आणि नुब्रातील मुक्काम सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहच्याही खाली असतो. सुमारे ४,२५० मीटरवरील पँगाँग सरोवर त्याच्यानंतर, शक्यतो मुक्काम न करता, पाहावे; आधी कधीही नाही. एकूण आठ दिवस असतील तर येथेच थांबावे. त्सो मोरिरी आणि हानले यांच्यासाठी आणखी तीन-चार दिवस हवेत.

डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. प्राणवायूचा लहान डबा उतरण्याला पर्याय नाही. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. सल्फाची ॲलर्जी, रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण यांविषयी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

पाचवी पायरी: आरक्षण आणि सामान

मिरज-सातारा-पुणे मार्गाने जाणारी गोवा एक्सप्रेस दिल्लीत हजरत निजामुद्दीनला पोहोचवते, तर जम्मूकडे जाण्यासाठी पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे. सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीला असल्याने रात्री-पहाटेच्या गाडीसाठी रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. लेहची विमाने मुख्यतः सकाळी सुटतात, तेव्हा पुण्याहून निघणाऱ्यांनी आदली रात्र दिल्लीत काढलेली बरी.

इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. गटात एक तरी पोस्टपेड क्रमांक असावा. सीमाभागातील परवाने आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून ते निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत आणि ओळखपत्राच्या चार-पाच प्रती बाळगाव्यात. स्वतःच्या गाडीने मनालीकडून जाणाऱ्यांनी वाटेतल्या तांडीच्या पंपावर टाकी भरावी. ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ ही तेथील पाटी छायाचित्रासाठी लावलेली नव्हे. रोख रक्कम, गॉगल, कानटोपी आणि एकावर एक घालता येतील असे कपडे पुरेसे आहेत.

लेह सोडल्यानंतर दिल्लीची परतीची गाडी पकडण्यापूर्वी किमान एक दिवस मोकळा ठेवावा. दरडीने किंवा अवेळी पडलेल्या बर्फाने खिंड बंद झाली, तर तो तेथेच खर्च होईल. नाही झाली, तर केलाँगजवळ तांडीला चंद्रा-भागा नद्यांचा संगम पाहत निवांत बसता येईल.