मान-खांदे भरून येतात? कराटे, ज्युदो, कुस्ती करणाऱ्यांनी काय करावं

फाइटच्या दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळत नाही, खांद्याच्या वरच्या कडेला बोट दाबलं तर कडक गाठ लागते आणि कळ कानामागे चढते. बहुतेक वेळा हे मार लागल्याचं दुखणं नसतं. तास-दीड तास खांदे कानाकडे ओढून धरल्याचं असतं.

खांदा वर उचलणारे स्नायू मुख्यतः दोन. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस आणि त्याच्याखालून मानेतून खांद्याच्या पात्याच्या (पाठीवरच्या चपट्या हाडाच्या) वरच्या कोपऱ्याला येणारा लेव्हेटर स्कॅप्युला. गार्डमध्ये, म्हणजे बचावासाठी हात चेहऱ्यासमोर धरून हनुवटी झाकताना, ज्युदोत कॉलर धरून हात ताठ ठेवताना, कुस्तीत समोरच्याने मानेवर हात टाकून खाली दाबताना हे दोघं आवळलेलेच राहतात. त्यात धाप लागून श्वास वरवरचा झाला की बरगड्या उचलायचं कामही मानेच्या स्नायूंवर येतं. म्हणून तेल लावून चोळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या क्लासनंतर दुखणं परत येतं.

आधी हे तपासा. हातात मुंग्या येतात, बोटं बधिर होतात किंवा पकड ढिली पडते? डोक्यावर आपटल्यानंतर दुखायला लागलं? ताप आणि ताठलेली मान एकत्र आहेत? मग व्यायाम नको, डॉक्टर गाठा. गळा आवळण्याच्या डावानंतर किंवा मानेला जोरात झटका बसल्यावर मान एका बाजूला दुखते आणि सोबत चक्कर, अंधुक दिसणं, बोलताना अडखळणं असेल, तर थेट इमर्जन्सीत जा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. याच कारणासाठी मान ‘कडकड’ मोडून घेऊ नका, न्हाव्याकडेही नाही आणि क्लासमधल्या मित्राकडूनही नाही.

पहिले दोन-तीन दिवस फाइट, फेकण्याचे डाव आणि डोक्यावर भार घेऊन पाठीची कमान करणारा ब्रिज बंद. पूर्ण झोपून मात्र राहू नका, हालचाल थांबली की मान आणखी आखडते. दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेका आणि मान दुखणार नाही तेवढीच डावी-उजवीकडे फिरवा. स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) आणि पायांचं काम सुरू ठेवायला हरकत नाही.

मग ताण सोडवा. उजवी बाजू दुखत असेल तर उजवा हात खुर्चीच्या बैठकीखाली धरा, मान डावीकडे वळवून नजर डाव्या काखेकडे न्या आणि ३० सेकंद थांबा. ओढ पात्याच्या कोपऱ्याजवळ जाणवली पाहिजे. दुसऱ्या हाताने डोकं खेचू नका. नंतर दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणा, कारण सततच्या गार्डने छातीचे स्नायू आखडून खांदे पुढे ओढले जातात.

ताणण्यापेक्षा ताकद जास्त महत्त्वाची, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. तळहात कपाळावर ठेवून डोकं त्यावर हलकं दाबा; मान हलता कामा नये, जोर पूर्ण ताकदीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. पाच-पाच सेकंद, चारही दिशांना, प्रत्येकी पाच वेळा. त्यानंतर रबर बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे ओढा, पाती एकमेकांकडे आणि खाली आणत. दहा-बारा वेळांचे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीनदा. जोर (पुश-अप) मारताना खांदे कानाला भिडत असतील तर संख्या कमी करा.

शेवटी मूळ सवय. आरशासमोर गार्ड धरा. श्वास सोडताना खांदे खाली येऊ द्या, कोपरं बरगड्यांकडे पडू द्या आणि हनुवटी खांदा न उचलता किंचित आत घ्या. आता सावकाश एक-दोन पंच मारा. हात परत आला तेव्हा खांदा खाली आला की वरच राहिला, ते बघा. गोजू-र्‍यू कराटेत सांचिन काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) चालू असताना शिक्षक मागे उभं राहून खांदे हाताने तपासतात, ते उगाच नाही: चढलेला खांदा पंचची ताकद खातो. फाइटमध्ये प्रत्येक फटक्यासोबत श्वास बाहेर सोडा, आणि राऊंडमधल्या विश्रांतीत खांदे एकदा मुद्दाम कानाकडे उचलून सोडून द्या.

क्लासबाहेरचा वेळही मोजायचा. मान खाली घालून मोबाइल, एका खांद्यावर जड किटबॅग टाकून बाइक, हे सगळं त्याच दोन स्नायूंच्या खात्यात जमा होतं. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्या.

मान दोन्हीकडे सारखी वळू लागली की आधी काता आणि पॅडवर्क, मग हलकं स्पारिंग (सरावाची लढत) आणि सगळ्यात शेवटी फेकण्याचे डाव. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि तिथे नुसतं कुठे दुखतं ते सांगू नका. गार्ड आणि पकड प्रत्यक्ष धरून दाखवा.