फलाफल तेलात फुटतं?

तेलात सोडताच फलाफल (वाटलेल्या कडधान्याचे तळलेले गोळे) विरघळत असेल, तर बहुधा चणे शिजवून घेतलेले असतात. लेबनॉन-सीरियाकडे काबुली चणे फक्त भिजवतात. इजिप्तमध्ये सोललेल्या सुक्या फावा बीन्स (वालासारखं कडधान्य) घेतात, त्याही न शिजवता.

१. चणे भरपूर पाण्यात १२ ते १८ तास भिजवा.

२. निथळून पंचावर पसरा, ओल पूर्ण टिपा. निम्मं काम इथेच होतं, घाई करू नका.

३. कांदा, लसूण, कोथिंबीर, पार्सली, धणे-जिरे, मीठ घालून पाण्याशिवाय भरड वाटा. मिश्रण ओल्या रव्यासारखं दिसतं, मुठीत दाबलं की गोळा टिकतो.

४. तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

आधी एकच गोळा तळून बघा. सुटला तर चमचाभरच बेसन घाला. जास्त झालं की भज्यांची चव येते.