गोव्याच्या दमट हवेत किटमधून गिटार बनवायची तर

पहिलीच वेळ असेल तर बोल्ट-ऑन नेकवालं (म्हणजे दांडा बॉडीला स्क्रूनं जोडायचा असतो असं) इलेक्ट्रिक किट घ्या, ॲकॉस्टिकच्या नादाला लागू नका, त्यात पातळ फळ्यांचं चिकटकाम असतं आणि आपल्याकडची हवा ते सुखानं सुकू देत नाही. इलेक्ट्रिकमध्ये बॉडी कापलेली, नेकवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेले, म्हणजे आपल्याकडे उरतं घासणं, रंग, वायरिंग आणि सेटअप.

किट पावसाळ्यात हातात पडलं तर सुटे भाग तपासा, वायरिंगची तयारी करा, पण रंगाला चवथ होऊन पाऊस ओसरेपर्यंत हात लावू नका. दमट हवेत लॅकर मारलं की ओलावा आत अडकतो आणि कोट दुधासारखा पांढुरका पडतो.

रंगाआधी सगळं एकदा कोरडंच जोडून बघायचं, आणि खरं काम हेच आहे. नेक खाचेत बसत नसेल तर ठोकू नका, खाच हलकेच घासा. मग नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा धरणारा भाग) दोरे ताणा, दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारखे आत दिसले पाहिजेत, एका बाजूला सरकले तर नेक किंवा ब्रिज वाकडा आहे. आता नट ते १२वा फ्रेट मोजा, २५.५ इंची स्केलला (नट ते ब्रिज तारेची लांबी) ते ३२४ मिमी भरतं, त्याची दुप्पट ६४८. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन या मापावर ठेवा, कारण नंतर ते मागेच न्यावं लागतं. ब्रिजची भोकं आयती पाडलेली असली तरी मोजाच. स्क्रू पिळण्याआधी बारीक ड्रिलनं वाट करा आणि स्क्रूला मेणबत्ती घासा, नाहीतर कडक मेपलमध्ये डोकं तुटून बसतं.

घासायला १२० पासून ३२० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेनं. मध्ये ओल्या फडक्यानं पुसा, उभे राहिलेले तंतू सुकल्यावर परत घासा. बऱ्याच किटच्या बॉडीवर सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) मारलेला असतो, तो काढल्याशिवाय स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मुरत नाही. फिनिशला मला लाखेचं पॉलिश आवडतं, चपडी (लाखेचे पातळ तुकडे) आणि स्पिरिट म्हापशाच्या हार्डवेअरवाल्याकडे विचारून बघा, सुती फडक्याच्या गोळीनं पातळ पातळ हात द्यायचे, घाई नको.

वायरिंगमध्ये लोक अर्थची वायर विसरतात आणि मग ॲम्प गुणगुणतो म्हणून पिकअपला (तारांची कंपनं टिपणारा भाग) शिव्या देतात. तिचं उघडं तांब्याचं टोक ब्रिजच्या धातूला घट्ट टेकायला हवं. पॉटच्या (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठीवर सोल्डर धरत नसेल तर कानसीनं थोडं खरवडा आणि ४०-६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. तारा चढवण्याआधी ॲम्पला लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरनं टकटक करा, आवाज आला की झालं.

मग तारा चढवून ट्यून करा. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघा, साधारण ०.२५ मिमी पुरते. फट जास्त असली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळी) आवळा, पण एका वेळी पाव फेराच. १२व्या फ्रेटवर तार २ मिमीच्या आसपास ठेवा. शेवटी इन्टोनेशन, म्हणजे दाबलेले सूर खरे लागतात का ते: १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. हे नव्या तारांवरच करा, खाऱ्या हवेत गंजलेल्या तारा नीट सुरात बसतच नाहीत.