पिकअपची बीप काय सांगते, आणि वापराविना राहणाऱ्या काही सोयी

नागपूरच्या कळमना बाजारातून संत्र्यांचे कॅरेट घेऊन निघणारी असो, वा बुटीबोरीच्या एमआयडीसीत सुटे भाग पोहोचवणारी असो, आजची पिकअप दिवसभरात अनेकदा वाजते आणि सवयीने चालकाचे तिकडे लक्ष जात नाही. हे धोक्याचे आहे, कारण सीटबेल्टची आठवण आणि इंजिनाच्या ऑइलचा इशारा हे दोन्ही आवाज कानाला जवळजवळ सारखेच वाटू शकतात. म्हणून बीप ऐकू येताच आधी डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला आहे ते पाहावे. दिवा लाल असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी; पिवळा असेल तर गाडी बहुधा चालवता येते, पण काम लांबणीवर टाकू नये; हिरवा किंवा निळा दिवा एखादी गोष्ट चालू असल्याचे सांगतो.

लाल दिव्यांपैकी ऑइलच्या दाबाचा दिवा सर्वांत गंभीर आहे. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाण्याचाही विचार करू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. तापमानाचा इशारा मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना आणि हौदा भरलेला असताना, अधिक संभवतो. अशा वेळी एसी बंद करावा, गाडी कडेला थांबवावी आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले उकळते कूलंट तोंडावर उडते.

सीटबेल्टच्या बीपबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. शेजारच्या सीटवर कोणी नसताना ती वाजत राहिली, तर तेथे ठेवलेले सामान पाहावे. सीटखालचा सेन्सर केवळ वजन ओळखतो, त्यामुळे कॅरेट आणि माणूस यांत तो फरक करत नाही. सामान खाली किंवा हौद्यात ठेवले की आवाज थांबतो. त्याऐवजी अनेक जण बकलमध्ये नुसती क्लिप अडकवतात. अशा क्लिप विकण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले होते. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठीच आखलेली असते. बेल्टविना पुढे फेकल्या गेलेल्या शरीरावर ती उघडली तर तीच इजा करते. दंड 1000 रुपयांचा आहे, पण माझ्या मते तो या बाबतीतला सर्वांत छोटा मुद्दा आहे.

वेगाच्या इशाऱ्याचा हिशेब सोपा आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत ताशी 80 किलोमीटरच्या पुढे थांबून थांबून आणि 120 च्या पुढे सतत बीप वाजते. काही पिकअपमध्येही अशी सोय असते. नागपूरहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर रस्ता सरळ आणि मोकळा असल्याने वेग कधी वाढला हे कळत नाही, तेथे ही बीप खरोखर उपयोगी पडते. मात्र अशा प्रवासाला निघण्यापूर्वी टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर अनेकदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांना जास्त हवा लागते. धावून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढू नये.

डिझेल पिकअपमधील ज्या पिवळ्या दिव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तो म्हणजे डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा. टाकी बराच काळ अर्धी रिकामी राहिली तर आतल्या दमट हवेचे पाणी होते, आणि पावसाळ्यात हे प्रमाण वाढते. आधुनिक इंजिनातील उच्चदाबाच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचेच मिळते. त्यात पाणी आले की आतले भाग गंजतात, झिजतात आणि खर्च फार मोठा येतो. ज्या गाड्यांत फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडण्याचा स्क्रू हाताला लागतो, त्यांत हे काम घरीही करता येते. इंजिन बंद करावे, फिल्टरखाली काचेची बरणी धरावी, स्क्रू थोडा सैल करावा आणि हातपंप असल्यास तो दाबत राहावे. पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येते. बरणीत स्वच्छ डिझेल पडू लागले की स्क्रू घट्ट करावा. दिवा पुन्हा लवकर लागला तर फिल्टर बदलावा आणि डिझेल कोठे भरतो याचाही विचार करावा.

इंडिकेटरची टिकटिक एका बाजूला अचानक जलद झाली, तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. रिव्हर्स सेन्सर विनाकारण वाजत असतील तर त्यांवरील चिखल पुसावा. फाळका (हौद्याची मागची झडप) उघडा ठेवून लांब माल नेताना तोच माल सेन्सरला अडथळा वाटू शकतो, आणि मागे उभी असलेली बारीक सळई मात्र त्याच सेन्सरला दिसेलच असे नाही.

सोयींपैकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्टीअरिंगजवळची हेडलाइटची उंची बदलणारी छोटी चकती. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि डिप्परवरचा प्रकाशही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चकती 0 वर ठेवली की झोत सर्वांत वर असतो. आकडा वाढवला की तो खाली येतो. रात्री भरलेली गाडी घेऊन अमरावती रोडला लागण्यापूर्वी एखाद्या भिंतीसमोर उभे राहून प्रकाश किती उतरतो ते एकदा पाहून ठेवावे.

बटन स्टार्टच्या गाडीत किल्लीची बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नये. किल्लीच्या आत लपवलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडते, आणि अनेक गाड्यांत किल्ली स्टार्ट बटनाला टेकवून, ब्रेक दाबून इंजिन सुरू करता येते. ज्यांच्या गाडीला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याची सोय आहे, त्यांनी 4एल (कमी वेगाची, जास्त ताकदीची स्थिती) लावताना गाडी पूर्ण थांबवून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. दिवा लुकलुकत राहिला तर गिअर बसलेला नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर 4एच (चारही चाकांची जास्त वेगाची स्थिती) वापरू नये, कारण वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण गिअरच्या भागांवर येतो.

हौद्याखालची स्टेपनी काढण्यासाठी आडवे झोपण्याची गरज नसते. मागच्या बंपरजवळच्या छिद्रातून जॅकचा दांडा आत घालून फिरवला की साखळी सैल होते आणि स्टेपनी जमिनीवर उतरते. वर्षानुवर्षे न उतरवल्यास चिखलाने ही साखळी जाम होते, म्हणून पावसाळा संपल्यावर ती एकदा खाली घ्यावी, साखळीला तेल द्यावे आणि स्टेपनीतील हवाही तेव्हाच भरून घ्यावी.