लव्हाळा: पात नव्हे, गाठ काढा

लव्हाळा हे तण नुसतं ओढलं की पात हातात येते, गाठ मातीतच राहते. तिच्यावरचे झोपलेले डोळे मग फुटतात, आणि वाफा पूर्वीपेक्षा दाट होतो. वाफ्यावर अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकचा भरवसा धरू नका. टोकदार कोंब ते भोकसून वर येतो.

मला उपयोगी पडलं ते उन्हाळ्यातलं काम. एप्रिलमध्ये वाफ्याचं पाणी तोडलं, कुदळीने फूटभर खोल खणलं आणि माती वाळूच्या चाळणीतून चाळली. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटातच सापडतात, पण त्या तंतूंनी एकमेकींना जोडलेल्या असतात. खुरपं इथे वापरू नये. साखळी तुटते, आणि सुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप होते.

काढलेल्या गाठी गच्चीवर पत्र्यावर पसरून पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा. कंपोस्टमध्ये मात्र कधीही टाकू नका!

पावसाळ्यात उरलेल्या गाठी डोकं काढतातच. दर आठ-दहा दिवसांनी गाठीसकट उपटायचं. महिनाभर दुर्लक्ष झालं तर नव्या गाठी धरायला लागतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून मोकळ्या जागी चवळी किंवा रताळ्याचे वेल दाट लावले. नर्सरीच्या पिशवीतली मातीही लावण्याआधी तपासा.