सोलो दाबून रिव्हर्ब लावू नका

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मिक्सला आला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायची वेळ आली, तेव्हा पिंक फ्लॉइडमध्येच दोन तट पडले होते. रॉजर वॉटर्सला आवाज कोरडा, म्हणजे घुमाऱ्याशिवाय, हवा होता, डेव्हिड गिल्मोरला इको हवा होता. अ‍ॅबी रोड स्टुडिओमध्ये महिनोन्‌महिने रेकॉर्डिंग सांभाळलेला अ‍ॅलन पार्सन्स हाताशी होताच. तरीही १९७३ च्या सुरुवातीला निर्माता क्रिस थॉमसला बाहेरून बोलावलं, ताजे कान हवेत म्हणून. यात पार्सन्सचा कमीपणा काहीच नाही. तेच गाणं रोज ऐकणाऱ्याला एका टप्प्यानंतर ते ऐकूच येईनासं होतं. तुमचंही होणार. तेव्हा ‘मला कान नाहीत’ असं म्हणत रडत बसू नका, दोन दिवस फाइल उघडू नका.

आता मुद्द्याचं. रॉक मिक्समध्ये नवा माणूस हमखास अडकतो तो रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाजावर चढवलेल्या खोलीच्या घुमाऱ्यात, आणि मीही अडकलो होतो. व्होकल सोलो करायचा, म्हणजे गायकाचा ट्रॅक एकटाच वाजवायचा, त्यावर प्लेट नावाचा रिव्हर्ब लावायचा, डोळे मिटून ऐकायचं. काय सुंदर लागतं! मग सगळे ट्रॅक उघडले की गिटार आणि झांजा रिव्हर्बची ती रेंगाळणारी शेपटी गिळून टाकतात. मग आपण सेंड, म्हणजे रिव्हर्बकडे जाणारा आवाज, वाढवतो. स्नेअर ड्रमचंही तेच, गिटारचंही तेच. प्रत्येक शेपटीतला २०० ते ५०० हर्ट्झचा भाग एकावर एक साठत जातो आणि शेवटी गायक शेजारच्या खोलीत गातोय असं वाटतं. मग तुम्ही व्होकलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर नेता. फेडरबरोबर सेंडही वाढतो, म्हणजे चिखल आणखी. या चक्रात रात्री जातात. रिव्हर्बचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन, बदलून उपयोग नाही, महागडं घेऊनही नाही.

सगळं वाजत असताना सेंड शून्यापासून हळूहळू वाढवा. रिव्हर्ब ऐकू आला की थोडा मागे या. मग म्यूट करून बघा: गाणं उघडं पडलं तर प्रमाण बरोबर. रिटर्नवर, म्हणजे रिव्हर्बमधून परत येणाऱ्या आवाजावर, लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा, ३०० हर्ट्झच्या आसपासपासून सुरू करा. व्होकलला २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा अवकाश) द्या, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि खोली नंतर. पुष्कळदा रिव्हर्बपेक्षा डिलेच, म्हणजे ठरावीक वेळाने परत येणारा इकोच, बरा. त्याची वेळ काढायला ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याच अल्बममधल्या ‘अस अँड देम’मधला व्होकल ऐका: ओळीनंतर जागा मोकळी आहे, म्हणून तो लांब इको तिथे मावतो. मधे दुसरं काही कोंबलं असतं तर गेला असता.

त्या काळी १६ ट्रॅकची टेप होती आणि ऑटोमेशन, म्हणजे फेडरच्या हालचाली नोंदवून आपोआप करून घेणं, नव्हतं. मिक्स चालू असताना फेडर हातानेच हलवायचे. म्हणून माझं एक हट्टी मत: पहिला महिना प्रीसेटला, म्हणजे तयार सेटिंगला, हात लावू नका आणि ऑटोमेशन माउसने काढू नका, फेडर धरून लिहा. ‘मास्टरिंगमध्ये (मिक्सनंतरच्या शेवटच्या पायरीत) सुधारेल’ म्हणणाऱ्या सीनियरपासून तर लांबच राहा. चहा आणायला पाठवणारा सीनियर मात्र परवडतो, परत आल्यावर मागे बसून ऐकू देत असेल तर. मी असंच शिकलो, आणि अजूनही सोलोच्या बटणाकडे बोट जातंच.

बँडमध्ये कोरडं-ओलं असं भांडण लागणारच. घाबरू नका, आणि मध्यस्थीही करू नका. दोन बाउन्स, म्हणजे मिक्सच्या दोन तयार फाइली, काढा, एकात रिव्हर्बचे रिटर्न २ डीबी (डेसिबल) खाली. दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर जो मोठा वाजेल तोच जिंकतो. फाइलला नाव न देता फक्त ‘१’ आणि ‘२’ लिहा आणि दोघांना वेगवेगळं पाठवा.