पी ०४२० कोड आला म्हणून लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलू नका

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०४२० दिसला, की गॅरेजवाला थेट नव्या कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचा, खर्च सांगतो. थांबा. हा कोड एवढंच सांगतो की धूर नीट स्वच्छ होत नाहीये. सायलेन्सरच्या पाइपला गळती असली किंवा कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बिघडला, तरी तोच कोड येतो.

इंजिन चांगलं गरम झाल्यावर स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही सेन्सरचे लाइव्ह आकडे बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा जवळपास स्थिर हवा. मागचाही तसाच नाचत असेल आणि गळती नसेल, तर कन्व्हर्टर गेला असं समजायला हरकत नाही.

गाडी चढावर दम टाकते, पिकअप मरतो? मग कन्व्हर्टर तुंबलेला असू शकतो. गाडी थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. खुळखुळलं तर आतली जाळी फुटलीय.

बदलण्याआधी मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) किंवा ऑइल जळणं दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवाही जाईल. आणि जुना परत मागाच! त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात बरे पैसे येतात.